मावशींना मनाई असलेल्या वस्तू

अतिदक्षता विभागात दोन महिन्यांत चार रुग्णांना एकच जंतू चिकटला. घरजावयासारखा ठाण मांडून बसलेला. पाच-पाच औषधं पचवूनही ढिम्म हलेना. अशा वेळी रुग्णालयात आधी कारण शोधत नाहीत, माणूस शोधतात, आणि तो बहुतेक फरशीच्या आसपास सापडतो. इथे सापडल्या मावशी. बावीस वर्षं तिथली साफसफाई त्यांच्याकडे होती.

"तुमच्या फडक्यातूनच फिरतोय तो," थोरले डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाले. "तपासणीत फडक्यावर सापडला, तर सोमवारपासून येऊ नका."

मावशींच्या घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. पण रडायचं ते घरी, हा त्यांचा जुना शिरस्ता.

दुसऱ्या दिवशी लॅबमधली बाई कापसाच्या काड्या घेऊन आली. फडकं, बादली, पलंगांचे कठडे, सगळ्यांवरून तिने काड्या फिरवल्या. ती आवराआवर करू लागली, तशा मावशी साळसूदपणे म्हणाल्या, "ताई, माझं फडकं फिरतं तिथलं घेतलंत. जिथे फिरवायची मनाई आहे, तिथलं नको का?"

"मनाई कुठे आहे?"

मावशींनी बोटांवर मोजून दाखवलं. कॉम्प्युटरचा कीबोर्ड, कारण तो बिघडेल. मोठ्या सिस्टरांच्या टेबलावरचा फोन, कारण वायर निघेल. आणि थोरल्या डॉक्टरांचा मोबाईल.

"त्याला काय कारण?"

"कारण तो थोरल्या डॉक्टरांचा आहे."

लॅबवालीच्या ओठाचा कोपरा हलला. "पण तो त्यांच्या खिशात असतो."

"तपासताना पेशंटच्या उशाशी ठेवतात. बघा, ठेवलाच."

डॉक्टर पाठमोरे उभे राहून शिकाऊ डॉक्टरांना स्वच्छतेवर सुनावत होते. तेवढ्यात काडी मोबाईलवरून फिरून डबीत गेलीसुद्धा.

सोमवारी सकाळी सगळे जमले. लॅबवालीने कुणाकडेही न बघता निकाल वाचला. फडकं आणि बादली, जंतू नाही. कठडे, नाही. टेबलावरचा फोन, नाही. कीबोर्ड, थोडे. "थोरल्या डॉक्टरांचा मोबाईल," ती घसा खाकरून म्हणाली, "भरघोस. चारही रुग्णांत सापडला तोच."

मोठ्या सिस्टर छताकडे बघू लागल्या. मावशींनी मान खाली घातली, कारण वर बघितलं असतं तर हसू फुटलं असतं.

डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. पण माणूस खोटा नव्हता. "चूक माझी," ते म्हणाले. "तुम्ही कुठेही जायचं नाही, मावशी." मग त्यांनी दोन बोटांत धरून मोबाईल पुढे केला. "हा जरा पुसून द्याल?"

मावशींनी हात पुढे केला नाही.

"देते की. आधी तुम्ही हात धुऊन या."

डॉक्टर मुकाट्याने बेसिनपाशी गेले, साबण लावला, चोळला आणि नळाकडे वळले.

"अंगठे राहिले," मागून मावशी म्हणाल्या.