भिंगरी परीक्षेला नव्हती

आमच्या पहिलीच्या वर्गात शब्द बघताक्षणी वाचायचा असतो. अक्षराला अक्षर जुळवत बसलं की ते कार्ड परत खालच्या कप्प्यात. प्रत्येक मुलाची भिंतीवर एक कापडी पिशवी, तिला दोन कप्पे: वरचा 'येतात', खालचा 'अजून नाही'. बाकीच्यांची कार्डं हळूहळू वर सरकली. एका मुलीची मात्र खालीच ठाण मांडून बसली होती. तिच्या पायाला भिंगरी लागलेली, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत.

मग मी डोकं लढवलं. तिला बाकावर बसवायचा नादच सोडला. दारावर, कपाटावर, खिडकीखाली कार्डं चिकटवली. ती धावत जिथे पोचेल तिथला शब्द तिनं ओरडून म्हणायचा. पोरीनं वर्ग डोक्यावर घेतला, पण कार्डं वर जायला लागली. शेवटचं कार्ड गेलं त्या दिवशी तिनं विचारलं, "बाई, परीक्षा कधी?" परीक्षेची वाट बघणारं मूल मी पहिल्यांदाच बघत होते. मला भरून आलं.

आपल्या वर्गाची परीक्षा आपण घ्यायची नाही, असा आमच्याकडे नियम. माझ्या वर्गाची घेते शेजारच्या वर्गाची बाई, म्हणजे माझी मैत्रीण. नोकरीला लागल्यापासून आमचा डबा एक. तिच्या बाळंतपणात तिचा वर्ग मी सांभाळला. दोन्ही वर्गांचा निकाल एकत्र लागतो आणि यंदा तो चांगला लागला तर तिला पर्यवेक्षिका करणार होते. मला त्याचा आनंदच होता.

परीक्षेच्या दिवशी भिंगरी आलीच नाही. "ताप आलाय म्हणे," मैत्रीण म्हणाली. मी हळहळले. निकाल मात्र असा लागला की मुख्याध्यापक पाठ थोपटायला स्वतः वर्गात आले.

दुसऱ्या दिवशी भिंगरी आली आणि चक्क बाकावर गप्प बसली. मी तिच्या कपाळाला हात लावला.

"ताप उतरला का गं?"

"ताप नव्हता. शेजारच्या वर्गाच्या बाईंचा फोन आला होता. तुम्हीच सांगितलंय म्हणाल्या."

"काय सांगितलंय?"

"मला येणार नाही, सगळ्यांचे मार्क कमी होतील, म्हणून घरी ठेवा. आई रडली."

मी तशीच शेजारच्या वर्गात गेले. मैत्रीण वह्या तपासत होती. तिनं नाकारलंसुद्धा नाही.

"अगं, गैरहजर मूल निकालात धरतच नाहीत. एका पोरीपायी दोघींचं नुकसान कशाला?"

"आणि माझं नाव का सांगितलंस?"

"तुझ्यावर तिच्या आईचा विश्वास आहे. माझं कशाला ऐकेल ती?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. परकी असती तर भांडून मोकळी झाले असते. हिनं केसानं गळा कापला आणि वर उपकाराची भाषा!

"तिची परीक्षा आज होणार. मुख्याध्यापकांसमोर," मी म्हटलं.

"घे की. तुझंच हसं होईल."

मुख्याध्यापकांना मी सगळं सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. "आधी पोरीला येतं का ते बघू," म्हणाले आणि भिंगरीसमोर खुर्ची ओढून बसले. मैत्रीण दारात उभी होती. मी कार्डं पिसली.

"भिंगरी, मी तसं काहीच म्हटलं नव्हतं गं. तुला सगळं येतं, मला माहीत आहे."

तिनं माझ्याकडे बघितलं. खोटं बोलणाऱ्या मोठ्या माणसाकडे मुलं बघतात तसं. मी पहिलं कार्ड धरलं. रोज तिला सगळ्यात आधी येणारा शब्द होता तो.

"येत नाही," ती म्हणाली.

दुसरं धरलं. "येत नाही."

मुख्याध्यापक खाकरले. मी तिसरं कार्ड उचललं, आणि ते उलटायच्या आधीच भिंगरी म्हणाली, "येत नाही, बाई."