चार बोटं कमी

सोजरबाईच्या अंगणात तुळशीभोवती पूर्वी मोकळी वाट होती. गेल्या तीन महिन्यांपासून त्या वाटेत एक फटफटी उभी होती. उभी म्हणजे विटांवर टेकवलेली, अर्धीमुर्धी. त्यामुळे रोज सकाळी अकरा फेऱ्या घालताना तुळशीबरोबर त्या लोखंडालाही प्रदक्षिणा पडे. शेजारची चतुराबाई कुडावरून डोकावून एकदा म्हणालीच, "काय वं सोजरबाई, तुळशीले फिरून राह्यली का नवऱ्याच्या फटफटीले?"

सोजरबाई नुसती हसली. फेऱ्या चालू असताना ती बोलत नसे, आणि अकरा पुऱ्या झाल्याशिवाय पाण्याचा थेंबही तोंडात घेत नसे.

फटफटी जगदेवची. किन्हीराजाच्या आसपास विहिरींवरच्या मोटरी दुरुस्त करणारा म्हणून त्याला सगळे ओळखत. दीड वर्षापूर्वी मोटर वर ओढताना विहिरीच्या पायरीवरून पाय सटकला आणि डावा गुडघा फुटला. अकोल्याला सळई बसली, टाके सुकले, पण गुडघा काही वाकेना. सुरुवातीला लोक त्याला आपल्या गाडीवर मागे बसवून शेतात नेत. त्याचा पाय असा आडवा बाहेर निघायचा, की समोरून येणारा ट्रॅक्टरवाला आधीच थांबून जायचा. मग हळूहळू बोलावणी कमी झाली. न्यायचं कोणी अन् आणून सोडायचं कोणी? दुसरा मोटरवाला स्वतःच्या गाडीवर येतो, काम करतो, जातो.

तेव्हा जगदेवने आपल्या पायाच्या मापाची गाडी घरीच बांधायला घेतली. वाशीमच्या भंगारातून जुन्या एम-एटी गाडीचं इंजिन आणलं, कारण तिचे गिअर हाताने पडतात. किक आणि ब्रेक उजव्या पायाला. डाव्या पायाला या गाडीत काही कामच नव्हतं. त्याला हवी होती फक्त जागा, सरळ पुढे पसरायला. चाकं एका गाडीची, हँडल दुसरीचं, मडगार्ड तेलाच्या पिंपाच्या पत्र्याचं. सीटचं कव्हर सोजरबाईने आपल्या लग्नातल्या रेक्झिनच्या बॅगेचं शिवलं. चेसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, लांबवायला जगदेव विहिरीवरचा उरलेला पाइप वापरणार होता, पण त्याचा शाळेपासूनचा मित्र इंद्रभान, ज्याचं जऊळक्याला वेल्डिंगचं दुकान होतं, त्याने पाइप हातात घेऊन बाजूला फेकला. "पाण्याचा पाइप पाणी वायते, माणूस नाई. खड्ड्यात मोडला तं मलेच खांदा द्या लागन." मग त्यानेच दुकानातला जाड पाइप आणला आणि दर रविवारी येऊन जोडकाम सुरू केलं.

आता सोजरबाईच्या मनातली गोष्ट सांगायला हवी, कारण ती तिने कोणालाच सांगितली नव्हती. जगदेव दवाखान्यातून आला त्या एकादशीला ती तुळशीपुढे बोलली होती: यांचा गुडघा मुडून हे मांडी घालून जेवायला बसत नाहीत, तोवर मीही मांडी घालणार नाही. तेव्हापासून ती डावा पाय पसरूनच जेवायची. जगदेवला वाटे, हिलाही गुडघेदुखी लागली.

आणि इकडे हा माणूस ताठ पायासाठी गाडी बांधत होता! ती वाकणारा पाय मागत होती आणि अंगणात न वाकणाऱ्या पायाचं घर बांधलं जात होतं.

पाय ठेवायच्या पट्टीची वेळ आली तेव्हा इंद्रभानने फोनवर सांगितलं, "वयनीले सांग, कमरेच्या हाडापासून टाचेलोक दोऱ्यानं मोजा, गाठ मारा, अन् दोरा पाठवून द्या." सोजरबाईने वटसावित्रीचं उरलेलं सूत चार पदरी वळून घेतलं. जगदेव सीटवर पाय लांब करून बसला आणि आभाळाकडे बघत राहिला. सूत टाचेपर्यंत पोचलं. तिने ते चिमटीत धरलं, मग चार बोटं मागे घेतलं आणि तिथे गाठ मारली. गाडी पुरी होईस्तोवर गुडघा एवढा तरी मुडेल. देवाकडे मागायचं आणि माप मात्र न मिळाल्याचं द्यायचं, हे तिच्या हातून होईना.

रविवारी पट्टी जोडून झाली. इंजिन आधीच चालवून बघितलेलं होतं. जगदेव काठी टाकून सीटवर बसला, पाय उचलून पुढे ठेवला, आणि टाच पट्टीच्या पुढे हवेत लोंबकळली. मागे सरकावा तर गुडघ्यात कळ. दोनदा केलं, तीनदा केलं. कपाळावर घाम आला.

"इंद्रभान, काय केलं बे हे?"

"काय केलं म्हणजे? गाठीवर गाठ ठेवून कापलं राजा म्या. एक सूत इकडं नाई का तिकडं नाई."

"मंग माहा पाय वाढला का रातीतून?"

"थे तुह्या पायाले इचार."

"फुकटात करून राह्यला म्हून कसंबी करशील का? सरळ सांग नं, ध्यान नोतं म्हून!"

इंद्रभानने हातमोजे काढले. खिशातला दोरा काढून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. "फुकटाचं काम म्या तुह्या घरी केलं, थेच चुकलं." सोजरबाईने आणलेला चहा तसाच ओट्यावर राहिला आणि तो निघून गेला.

सोजरबाई तिथेच उभी होती, हातात ट्रे. आता बोलावं, असं तिला वाटलं. तोंड उघडलंही. पण जगदेव पट्टीवर मूठ आपटत म्हणाला, "संपलं हे. भंगारात घालतो उद्या," आणि तिचा शब्द मागे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फेऱ्या घालताना पाचवी का सहावी, हे तिला आठवेना. पुन्हा एकपासून सुरू केलं, पुन्हा चुकलं. खिळ्यावरचा दोरा वाऱ्याने हलत होता. शेवटी तिने तांब्या तुळशीपाशी ठेवला, दोरा ओच्यात खोवला आणि जऊळक्याचा ऑटो धरला.

इंद्रभान दुकानात गेट जोडत होता. त्याची बायको विमलबाई बाहेर आली. "या बाई. बरं झालं आल्या. यानं रातभर मले डोळा लागू नाई देल्ला. झोपीतबी एकच, 'गाठीवर कापलं, गाठीवर कापलं'!"

"तुमी गाठीवरच कापलं, भाऊ," सोजरबाई म्हणाली. आवाज इतका हळू की इंद्रभानला वेल्डिंगचा चष्मा कपाळावर ढकलून पुढे वाकावं लागलं. "गाठ म्या कमी मारली. चार बोटं. जाणूनबुजून."

तिने सगळं सांगितलं, एकादशीपासून. इंद्रभान ऐकत राहिला. मग म्हणाला, "वयनी, कालच सांगतलं असतं तं माहा चहा तरी वाया नसता गेला."

विमलबाईने तेवढ्यात कप पुढे केला. "घ्या."

"माह्या फेऱ्या..." सोजरबाई थांबली. विमलबाईचा हात हवेतच राहिला होता. चेहऱ्यावरचं हसू होतं तिथेच होतं, पण डोळ्यांतून निघून गेलं होतं. असे कप पूर्वी जात बघून कोणाकोणी कोणकोणत्या सबबीवर परत केले असतील, ते त्या डोळ्यांना पाठ असावं. सोजरबाईने कप घेतला आणि चहा संपवला, पूर्ण. "आलं लय छान घातलं, विमलबाई. फेऱ्या मांगून घालीन."

इंद्रभान ग्राइंडर आणि नवी लांब पट्टी पोत्यात गुंडाळून, वेल्डिंगचं मशीन घेऊन तिच्यासोबतच निघाला. किन्हीराजात पोचल्यावर मात्र तो दारातच थांबला. "आधी तुमी जा. पहिली शिवी मले नको."

जगदेव खरंच पाने घेऊन गाडी खोलायला बसला होता. सोजरबाई त्याच्या समोर जाऊन बसली, डावा पाय पसरून.

"ऐका नं. गाठ म्या मारली होती."

"माहीत हाय, तूच मारली."

"कमी मारली. गाडी होईलोक तुमचा पाय मुडन म्हून."

जगदेवच्या हातातला पाना थांबला. त्याने तिच्या पसरलेल्या पायाकडे पाहिलं. "अन् जेवताना तू अशी बसतं थे?"

"थेच."

"हात् तिच्या! म्या तं तुह्यासाठी दुखण्याचं तेल आणलं होतं." तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. बंद मोटरीला ठोकून बघावं तसं त्याने आपल्या गुडघ्यावर दोन बोटांनी ठोकलं. "सोजर, अकोल्याच्या डॉक्टरनं टाके काढले त्याच दिवशी सांगतलं होतं. गुडघा असाच ताठ राह्यल म्हणे. म्या तुले सांगतलं नाई. तू रोज गोल गोल फिरून राह्यली होती. फिरत्या माणसाले कसं सांगू?"

तिने पदराने डोळे पुसले, मग ओच्यातला दोरा काढला.

"झालं का?" दारातून इंद्रभान ओरडला. "का मी चहा पिऊन येऊ चतुराबाईकडून?"

"ये बे इकडं," जगदेव म्हणाला. "माहंच तोंड सुटलं काल."

"थे तं शाळेपासून सुटेल हाय."

जगदेव पुन्हा सीटवर बसला. सोजरबाईने दोरा कमरेच्या हाडाला लावला आणि मांडीवरून, गुडघ्यावरून, सळईच्या वरून हळूहळू टाचेपर्यंत नेला. या वेळी बोटं मागे घेतली नाहीत. जुनी गाठ सुटेना, म्हणून ती तशीच ठेवून पुढे नवी मारली आणि दोरा इंद्रभानच्या हातात दिला. "ह्या गाठीवर कापा, भाऊ."

ग्राइंडरच्या ठिणग्या तुळशीपर्यंत उडायला लागल्या, तशी तिने वृंदावनापुढे पाट आडवा लावला. तिथेच उभी राहून पुटपुटली, "खरं माप देल्लं मी. राग धरू नको."

वाशीमला आरटीओत गाडी दाखवून कागद व्हायला आणखी काही दिवस गेले. साहेबाने गाडीभोवती दोन चकरा मारल्या म्हणे. "यानंबी घातल्या," जगदेव घरी येऊन म्हणाला, आणि सोजरबाई तोंडाला पदर लावून हसली.

मग एका सकाळी तांड्यावरून सोमला नावाच्या शेतकऱ्याचा फोन आला. मोटर बंद, हरभरा वाळतो, या लवकर. जगदेवने पान्यांची पिशवी हँडलला अडकवली. किक मारली, तिसऱ्या किकला इंजिन बोललं. डावा पाय बैलगाडीच्या धुरेसारखा सरळ पुढे गेला आणि टाच पट्टीवर बरोबर टेकली.

"टोपी घाला डोक्स्यात," ती म्हणाली.

"घातो नं माय," म्हणत त्याने हेल्मेट घातलं. चतुराबाई कुडावरून बघत होती. फटफटी फाटकातून बाहेर पडली, एकटा माणूस घेऊन, मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही.

सोजरबाईने फेऱ्या सुरू केल्या. वाट आता मोकळी होती, पण पावलांना सवय झालेली. ती विटांच्या रिकाम्या जागेलाही वळसा घालूनच जात होती. अकरा पुऱ्या झाल्या. तिने पाणी प्यायलं, भाकर आणि पिठलं वाढून घेतलं आणि खाली बसली.

उजवा पाय मुडला. मग तिने दोन्ही हातांनी डावा पाय धरून आत ओढला. दीड वर्ष मांडीत न मुडलेला गुडघा कटकन वाजला आणि मांडीपर्यंत कळ गेली. ती तशीच, मांडी घालून बसून राहिली. तांड्याच्या रस्त्याने इंजिनाचा आवाज जात होता. तो ऐकू येईनासा झाल्यावर तिने भाकर मोडली.