मामाला कुलूप, आत्याला फोन

"तिचं गाणं तिने लावलं तर ती धवलारीण. दुसऱ्याने लावून दिलं तर तो डीजे," धर्माजीकाका म्हणाले, पानाचा विडा तोंडात सारला आणि ओटीवरून उठले. विषय संपला.

किशोरीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. चुलत सासरे नसते ना, तर तिने तिथल्या तिथे सुनावलं असतं. पण घरात लग्न, लेकीची, प्रणालीची हळद चार दिवसांवर, आणि म्हाताऱ्याला चिडवलं तर मांडवाची मेढ कोण रोवणार? ती गप बसली. तिच्या शेजारी तिची सासू आवडाबाई बसली होती. तीही गप. ती तर वर्षभर गपच होती.

आगऱ्यांच्या हळदीत धवलारीण नसेल तर काही खरं नाही. भटजी नंतर. आधी धवलारीण बसते, धवला, म्हणजे विधीचं गाणं, उचलते आणि एकेक विधी लावून देते. देवांना आवतन तिचं, उंबराची फांदी आणायला माणूस ती उठवणार, तेल, हळद, सगळं तिच्या गळ्यावर चालतं. या गावात आवडाबाईच्या धवल्याशिवाय नवरी पिवळी झाली असेल तर शपथ! आणि मागच्या साली तिच्याच गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. आता तोंड उघडलं की नुसती हवा यायची. देवाला तरी काही कळतं का, असं किशोरी तेव्हा उघड उघड म्हणाली होती, आणि अजूनही तिचं मत बदललेलं नाही.

बरं, ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात प्रणालीने एक शहाणपणा केला होता. आजीला आतल्या खोलीत बसवलं, मोबाईल रेकॉर्डिंगला लावला. कुणी समोर असलं की म्हातारी लाजायची, म्हणून दार ओढून घेतलं. आजीने एकटीने बसून सात धवले म्हटले. प्रणालीने ते घरच्या कॉम्प्युटरवर टाकून ठेवले. त्यानंतर ते ऐकायची कुणाची छाती झाली नाही.

आता आवडाबाईने हट्ट धरला होता. नातीच्या हळदीला पाटावर मी बसणार आणि माझे धवले मीच लावणार. बोलता येत नव्हतं, पण स्वतःच्या छातीवर बोट ठोकून तिने हे इतक्या वेळा सांगितलं की न समजायला माणूस दगडच हवा. धर्माजीकाकांनी मात्र पलीकडच्या गावच्या धवलारणीला सांगून ठेवलं होतं. "येऊन बसेल. हिचं जमलं न्हाय तर ती उचलेल."

म्हणजे जमलं नाही तर आवडाबाईने स्वतःच्या मांडवात पाटावरून उठायचं, आणि दुसरीने बसायचं. किशोरी मनात म्हणाली, माझ्या जिवात जीव असेपर्यंत तर नाही!

मोबाईल कामाचा नव्हता. सगळा जन्म खाऱ्या शेतात भात लावून आवडाबाईची बोटं अशी निबर झालेली की काचेला ती कळायचीच नाहीत. दहादा टेकवलं तरी ढिम्म. माऊस मात्र तिला आवडला. दाबला की टक् वाजतो, हाताला समजतं. पण स्क्रीनवर सात फाइली, सातही जणींवर एकच नारिंगी चित्र, खाली इंग्रजी अक्षरं. आणि आवडाबाईला अक्षर म्हणजे मुंगी.

"मम्मी, चित्रं बदलता येतात," प्रणाली म्हणाली. "शॉर्टकटची."

"मग बदल ना! वाट कसली बघतेस?"

"मला कुठे येतं?"

झालं! बीकॉम झालेली पोरगी आणि न्हावा शेव्याला गोदामाच्या हापिसात दिवसभर कंटेनरचे नंबर बडवणारी आई, दोघींनी डोकं खाजवलं. किशोरीने फाइलीवर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज उघडलं. चित्र बदलायचं काही तिथे दिसेना. परत उघडलं, परत नाही. शेवटी प्रणालीच्या ध्यानात आलं, ही मूळ फाइल आहे, हिचं नाही बदलत. आधी डेस्कटॉपवर हिचा शॉर्टकट करायला हवा. केला. कोपऱ्यात इवलासा बाण आला. त्याचं प्रॉपर्टीज उघडलं, आणि खालच्या अंगाला बटण, 'चेंज आयकॉन'!

दाबल्यावर काय खजिना उघडला म्हणता! झाड, घर, कुलूप, फोन, तारा, पृथ्वीचा गोळा, कचऱ्याचा डबा. सरकवावं तितकी चित्रं. "अगं बाई, हे सगळं आपल्याच घरात होतं?" किशोरी ओरडली. दोघी मायलेकी हरखून गेल्या. उंबराच्या धवल्याला झाड, मांडवाच्या धवल्याला घर, असं करत सातही चित्रं लावून टाकली आणि सासूला हाक मारली.

"आये, आता बग. उंबराचा लाव."

आवडाबाईने चष्मा सावरला, नीट पाहिलं, आणि घरावर दाबलं. मांडवाचा सुरू झाला, किशोरीने पहिल्या शब्दालाच बंद केला. परत सांगितलं, परत चुकली. तिसऱ्या वेळी तिने माऊसच ढकलून दिला. किशोरीचा धीर सुटत चालला. "आये, झाड गो, झाड! उंबर म्हंजे झाड न्हाय का?"

आवडाबाईने मान जोरात हलवली. मग उठली, भिंतीवरच्या फोटोतल्या किशोरीच्या भावावर, सुजितवर, बोट ठेवलं आणि हाताने उठवल्याची खूण केली. ऊठ. जा. आण.

किशोरीने कपाळावर हात मारला. सव्वीस वर्षं या घरात धवले ऐकले, आणि एवढं कळू नये? धवला झाडाचा नसतोच. धवला सुरू झाला की एक माणूस उठतो. उंबराला मामा उठतो, तेलाला आत्या, दिव्याला करवली, मेढीला घरातले थोरले, म्हणजे धर्माजीकाका, हळदीला आई, शेवटच्याला खुद्द नवरी. सासूच्या डोक्यात सात वस्तू नव्हत्याच. माणसं होती. बरोबर आहे, गर्दीत तिची नजर माणसालाच शोधायची.

मग काय, माणसांचे फोटो! पण साधा फोटो त्या खिडकीत दिसेचना, त्याला आयकॉनच्या फाइलीचंच रूप लागतं. प्रणालीचा चुलतभाऊ साहिल पेणला जाऊन दुकानातून सगळे फोटो तसे करून पेनड्राइव्हवर घेऊन आला. प्रणालीने पेनड्राइव्ह खोचला, 'ब्राउज' करून एकेक चेहरा लावला. देवांच्या धवल्याला देव्हाऱ्याचा फोटो. आवडाबाईने एकदा पाहिलं आणि टक्, टक्, टक्. सातच्या सात बरोबर! किशोरीने सासूला उचलायचंच बाकी ठेवलं. धर्माजीकाकांना मुद्दाम बोलावून दाखवलं. ते "हं" म्हणाले. त्यांच्याकडून "हं" म्हणजे पुष्कळच.

हळदीच्या दिवशी दुपारी मांडव भरला. किशोरीच्या नवऱ्याने कॉम्प्युटर आतल्या खोलीतून उचलून मांडवात आणला, टेबलावर पिवळं कापड अंथरून ठेवला, वायरी जोडल्या, स्पीकर लावले. आवडाबाई हिरवं लुगडं नेसून पाटावर बसली. समोर बायकांचा घोळका. बाजूला पलीकडच्या गावची धवलारीण, पान चघळत, जणू काही सहज आल्यासारखी. किशोरीला ती बाई त्या क्षणी अजिबात आवडली नाही.

स्क्रीन उजळली. किशोरी पुढे वाकली.

सातही चेहरे गायब. सात कोरे पांढरे कागद.

"प्रणाली! काय केलंस गो?"

प्रणाली अंगावर नवं पातळ सावरत धावली, खाली वाकून बघते तर पेनड्राइव्ह नाही. साहिलने सकाळीच काढून नेला होता, रात्रीच्या डीजेची गाणी भरायला, आणि बर्फाच्या लाद्या आणायला स्वारी पेणला गेली होती. चित्रं कॉम्प्युटरमध्ये कधी आलीच नव्हती! शॉर्टकट पेनड्राइव्हवरून चेहरे दाखवत होता. मांडवात आणताना कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला, आणि दाखवायला त्याच्याकडे काहीच उरलं नाही. साहिलचा फोन लावला. वाजतोय, उचलतोय कोण?

"काय झालं?" धर्माजीकाका उठून आले. "उन्हं कलली. देवांना आवतन दिल्याबिगर मामाला उंबराला पाठवता येत न्हाय. मी तिला सांगू का उचलायला?"

पलीकडच्या धवलारणीने पान एका गालात सरकवलं. आवडाबाई पाटाची कड घट्ट धरून बसली. ते किशोरीने पाहिलं, आणि तिच्या अंगात काय संचारलं कोण जाणे.

"कुणी काही सांगायचं न्हाय!" ती इतक्या जोरात म्हणाली की ढोलवाला दचकला. "आये, सरक. आणि चष्मा लाव."

उजवं बटण, प्रॉपर्टीज, चेंज आयकॉन. खजिना परत उघडला. किशोरीने माऊस सासूच्या हातात कोंबला. "माणसं गेली ना? जाऊ दे. यातून तूच निवड. जे चित्र बघून जो आठवेल, ते त्याला घे. देव कोण?"

आवडाबाई चित्रांवरून नजर फिरवत गेली. पृथ्वीच्या गोळ्यावर थांबली. टक्. किशोरीने ओके दाबलं. पहिला कागद गेला, गोळा आला.

"मामा?"

आवडाबाईच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. तिने कुलूप निवडलं.

पुढच्या रांगेतल्या बायकांनी ते पाहिलं मात्र, मांडवभर हशा उसळला. सुजितमामाचा हात खिशातून सहसा बाहेर येत नाही हे पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक. "अरे वा!" मामा ओरडला, "आहेराचं ताट बघा आणि मग बोला!" पण तोही हसतच होता.

"आत्या?" फोन. केसरआत्या तेव्हाही फोन कानाला लावूनच उभी होती. तिला कळेचना सगळे आपल्याकडे बघून का हसतायत. करवलीला, म्हणजे आरोहीला, कॅमेरा. ही पोरगी सकाळपासून स्वतःचेच फोटो काढत होती. आता बायका उठून टेबलाभोवती गोळा झाल्या, "बगू, बगू, काकांना काय?" आवडाबाईने दिराकडे एकवार पाहिलं आणि लाल गोल निवडला, आत पांढरी फुली. सगळ्याला नाही म्हणणारा. मांडव नुसता कोसळायचा राहिला. धर्माजीकाकांनी मिशीवरून हात फिरवला, तोंड वळवलं, पण खांदे हलत होते. नवरीला तिने तारा दिला, बघताक्षणी.

"आणि मी?" किशोरीने विचारलं.

आवडाबाई वर गेली, खाली आली, परत वर गेली. मग बोट दाबलं. पिवळा त्रिकोण, आत उद्गारचिन्ह. धोक्याचा.

"म्हंजे मी काय सगळ्यांना भीती दाखवते व्हय?" किशोरीने कमरेवर हात ठेवले. बायका टाळ्या पिटायला लागल्या. आवडाबाई आवाज न करता हसत होती, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. वर्षभरात पहिल्यांदा!

सातही जागच्या जागी बसले. किशोरी बाजूला झाली. मांडव हळूहळू शांत झाला. आवडाबाईने पदर डोक्यावर घेतला, हात जोडले, मग माऊसवर हात ठेवला आणि पृथ्वीच्या गोळ्यावर टक् टक् केलं.

स्पीकरमधून तिचा आवाज आला. तोच, जाडसर, तळातून उचललेला, गावदेवीला हाक मारणारा. एक ओळ. प्रणालीने आईचा दंड धरला.

ओळ संपली आणि आवाज थांबला.

काहीच नाही. स्पीकर मुका. अडकलं! आत्ताच अडकायचं होतं मेल्याला! धर्माजीकाका वळले. किशोरीने माऊसकडे झेप घेतली, आणि आवडाबाईने तिच्या हातावर फाडकन चापट मारली.

मग आवडाबाईने उजवा हात उचलला, तळवा वर, बायकांकडे. सारं आयुष्य प्रत्येक मांडवात ती तो असाच उचलायची. मी म्हटलं, आता तुम्ही म्हणा.

किशोरीला तेव्हा कळलं. काही अडकलं नव्हतं. बंद खोलीत, एकटीने, समोर कुणी नसताना, म्हातारी प्रत्येक ओळीनंतर थांबली होती. ओळ झेलायला बायका असतील म्हणून. तिने त्यांची जागा राखून ठेवली होती.

पहिली ओळ झेलली ती पलीकडच्या गावच्या धवलारणीने. पान कधी थुंकली कुणास ठाऊक, मोकळ्या गळ्याने तिने ती उचलली, आणि पाठोपाठ सगळा मांडव. ती ओळ संपते न संपते तोच स्पीकरमधून दुसरी आली, अगदी वेळेवर. बायकांनी तीही झेलली.

किशोरीला म्हणायचं होतं, पण ओठ नुसतेच हलत होते. आवडाबाईने कोपराने तिला ढोसलं. तोंड उघडलं, हवा बाहेर आली, पण किशोरीला ते स्पष्ट ऐकू आलं. म्हण गो. माझ्या वाटणीचं पण म्हण.

आणि तिसऱ्या ओळीला किशोरी म्हणायला लागली, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.