साक्षीच्या वेळी विझलेला दिवा

मित्रांनो, मी एक जुना पिवळा दिवा आहे. देवळातला नाही आणि देवघरातलाही नाही. एका छोट्या पांढऱ्या मोटारीत, चाक हातात धरणाऱ्याच्या समोर, काचेमागे मी बसलेलो असतो. माझा जीव तुमच्या करंगळीच्या नखाएवढा आणि अंगावर स्टिअरिंगचं बारीक चित्र. माझ्या शेजारी बरेच दिवे आहेत. पेट्रोल संपत आल्याचं सांगणारा तर भलताच बोलका! मला मात्र आयुष्यात फार कमी वेळा बोलायचं होतं, आणि तेवढंही मला नीट जमलं नाही.

आमच्या मोटारीचं स्टिअरिंग विजेवरचं आहे. तुम्ही चाक फिरवायला लागलात की आतली एक छोटी मोटर तुमच्या हाताला जोर देते, त्यामुळे गाडी अगदी अलगद वळते. ही मोटर थांबली तर चाक जड होऊन बसतं. अशा वेळी मी पेटायचं आणि सांगायचं, 'सांभाळा, आता फक्त तुमच्याच हाताचा जोर.' ती का थांबली, हे मात्र मला कधीच कळत नाही.

२००६ सालच्या दसऱ्याला आम्ही कोल्हापुरात जोतीरामच्या दारात आलो. जोतीरामचा म्हशींचा गोठा होता आणि अर्ध्या पेठेत त्याच्या दुधाचा रतीब होता. त्याची बायको संयोगिता गाडी यायच्या आधीच मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन शिकून आली होती. तिची आई तानाबाई मुरगूडला एकटीच राहायची आणि तिला डोळ्यांनी कमी दिसायचं. आईकडे जायचं म्हटलं की संयोगिताला दर वेळी कुणाची तरी मिनतवारी करावी लागे. पहिल्यांदा चाकावर हात ठेवला तेव्हा ती सासूला म्हणाली, "आत्या, आता मुरगूडला जायला कुणाचं तोंड बघाय नको." तिनं चावी फिरवली. सगळे दिवे क्षणभर पेटून विझले, मीही विझलो. सगळं ठीक आहे, असा त्याचा अर्थ. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशींचा थाट असतो. शिंगं रंगवायची, मोरपिसं खोवायची, गळ्यात कवड्यांच्या माळा घालायच्या आणि म्हशींना गल्लीतून पळवायचं. पुढे मालकाची सायलेन्सर काढलेली मोटरसायकल फडफडत जाते आणि त्या आवाजामागे म्हैस धावते. दारात नवी मोटार असताना जोतीरामला मोटरसायकल नको वाटली. पण मोटारीचा आवाज कसला, शिवण यंत्रासारखा! म्हैस त्याच्यामागे कशाला येईल? म्हणून त्यानं केरबाला बोलावलं. गणेश मंडळांच्या कर्ण्यांची जोडणी करणारा तो.

केरबानं आमच्या गाडीला दोन तोंडांचा भोंगा बसवला. त्याची एक तार गाडीच्या पत्र्याला जोडायची होती. माझ्याच खाली, डॅशबोर्डाच्या पोटात, एक आयता बोल्ट होता. स्टिअरिंगच्या मोटरची तार त्यावरच आवळलेली होती. केरबानं तो सैल करून आपली तार तिथंच खुपसली.

"पाना जाईना हितं. हातानं आवळलाय, बास हुतंय की," तो म्हणाला.

मग रोज पेंड घालायच्या वेळी भोंगा वाजू लागला. चार दिवसांत चंपा नावाची म्हैस तो ऐकला की दावं ताणू लागली. पाडव्याला ती अशी काही धावली की गल्लीनं शिट्ट्यांचा पाऊस पाडला. परतताना गोठ्याच्या वळणावर जोतीरामनं पुन्हा भोंगा दाबला आणि चाक एकाएकी जड झालं. मी पेटलो. त्यानं मला पाहिलं, गाडी बंद करून पुन्हा चालू केली. मी विझलो, चाकही हलकं झालं. 'नवी गाडी हाय, चालायचंच,' असं स्वतःशीच पुटपुटून तो उतरला आणि घरात कुणाशी काही बोलला नाही.

पुढच्याच रविवारी संयोगिता मुरगूडला निघाली. मागे सासू धोंडुबाई बसली होती. गल्लीच्या कोपऱ्यावर ती गाडी वळवत असताना समोरून स्कूटर आली. तिनं भोंगा दाबला आणि चाक अडल्यासारखं झालं. मी पेटलो, पण तोवर गाडी सरळ जाऊन दगडी हौदावर आदळली होती. डावा मडगार्ड आत गेला. धोंडुबाईच्या कपाळाला टेंगूळ आलं. माणसं गोळा झाली आणि जोतीराम धावत आला.

"चाकच फिरंना झालं वो! त्यो पिवळा दिवा बगा, अजून लागलाय," संयोगिता रडवेली होऊन म्हणाली.

जोतीरामनं आत हात घालून चावी बंद केली आणि पुन्हा फिरवली. सगळे दिवे पेटले, सगळे विझले. मीही विझलो. त्यानं चाक फिरवलं, तर ते लोण्यासारखं फिरलं.

"कुठाय दिवा?" मागून कुणीतरी म्हणालं. "हातात जोर न्हाय म्हण की वयनी!"

गल्ली हसली. मित्रांनो, तिच्या बाजूनं बोलणारा मी एकटाच होतो आणि नेमका त्याच वेळी मी काळाठिक्कर पडलो होतो. पाडव्याला जोतीरामनं मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी तो गप्प राहिला. मला निदान तोंड नाही. पण त्या दिवशी आम्ही दोघं सारखेच होतो, आणि याची मला आजही लाज वाटते.

गाडी कंपनीच्या वर्कशॉपला नेण्याआधी जोतीरामनं भोंगा काढून ठेवला. बाहेरची जोडणी दिसली तर हे लोक वॉरंटी नाकारतील, ही त्याला भीती. मग तिथं मी कशाला पेटतोय! तिथल्या माणसानं एक चक्कर मारून सांगितलं, "गाडी उत्तम आहे. वहिनींना अजून सवय नसेल." घरी येताच भोंगा परत चढला. गाडीची चावी खिळ्यावर होती, पण संयोगितानं पुन्हा तिला हात लावला नाही. ती एसटीनं मुरगूडला जायची आणि परत येताना फाटकातून आत शिरली की आमच्याकडे बघायचीसुद्धा नाही.

थंडीत जोतीराम गाडी गोठ्यात वळवत होता. चंपाचं रेडकू आडवं आलं, त्यानं भोंगा दाबला आणि चाक अडलं. रेडकू थोडक्यात वाचलं. आता मात्र तो घाबरला. पुन्हा भोंगा काढून तो वर्कशॉपला निघाला, तेव्हा संयोगिता आपणहून शेजारी येऊन बसली.

या वेळी गाडी संघप्रियाच्या हाती आली. ती जयसिंगपूरची, डिप्लोमा झालेली आणि तिथल्या विजेच्या कामाची प्रमुख. मी विझलेला आहे म्हणून तिनं मला सोडून दिलं नाही. तिनं आपलं यंत्र जोडलं. स्टिअरिंगला वीज कमी पडल्याची खूण आत राहिली होती. तिनं बॅटरी तपासली, तर ती ठणठणीत. मग ती संयोगिताकडे वळली. आजवर तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

"ताई, चाक अडलं तेव्हा तुम्ही नेमकं काय करत होता?"

"गाडी वळवाय गेले आन भोंगा दाबला."

"कुठला भोंगा?"

जोतीराम खाली बघू लागला. संघप्रियानं वाकून डॅशबोर्डाखाली टॉर्चचा झोत टाकला आणि बोल्टला बोट लावलं. बोल्ट हलला.

"इथं दुसरी तार होती. रंग खरवडलाय. दादा, भोंगा कुठाय?"

"पेंडीच्या पोत्यात," संयोगिताच म्हणाली. "म्हशीला पेंड कोन घालतंय? मीच की. पोत्यात भोंगा कशाला दडवलाय, ते कळंना झालतं. आता कळलं."

भोंगा आणवला आणि होता तसा जोडला. इंजिन चालू ठेवून संघप्रियानं जागच्या जागी चाक फिरवलं आणि भोंगा दाबला. मी पेटलो. जोतीरामचा हात सवयीनं चावीकडे गेला.

"चावीला हात लावू नका," ती म्हणाली. "जरा पेटलेला राहू दे त्याला." मग तिनं समजावून सांगितलं: बोल्ट सैल आणि त्यावर दोघांचा भार. भोंगा वाजला की स्टिअरिंगला वीजच पोचत नाही.

मी पेटलेलाच होतो. जोतीराम माझ्याकडे बघत म्हणाला, "पाडव्याला बघितलतं मी ह्यो दिवा."

"आन गल्ली हसालती, तवा?" संयोगितानं विचारलं.



बोल्ट घासून, पान्यानं आवळून पक्का झाला. भोंगा निघाला तो कायमचा. मडगार्डचा पोचा काढून घेऊ, असं जोतीराम म्हणाला, तेव्हा संयोगिता म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्यो पोचा माझा न्हवं. कुणी इचारलं की तुमी सांगायचं, कसा पडला." आणि कुणीही पाहुणा आला तरी जोतीरामला ते सांगावं लागलं. पुढच्या पाडव्याला गाडी तिनं चालवली. खिडकीतून नुसती "ये गं चंपे" अशी हाक मारली आणि चंपा तिच्यामागे धावली. रोज पेंड घालणाऱ्या बाईचा आवाज तिला ठाऊक होता.

मित्रांनो, गाडीत एखादा दिवा लागला तर त्याच्याकडे बघा. तो विझला म्हणजे दोष गेला असं समजू नका. आणि चाक ज्याच्या हातात होतं त्याला हसण्याआधी, काय झालं ते एकदा त्यालाच विचारा.

संयोगिता अजूनही दर रविवारी मुरगूडला जाते. ती चावी फिरवते, आम्ही सगळे पेटतो आणि विझतो. मग गाडी हलवायच्या आधी तिची नजर माझ्या काळ्या जागेवर जराशी थांबते. बाकीच्या दिव्यांवर ती तशी थांबत नाही. माझ्यावर तिचा अजून विश्वास बसलेला नाही, आणि कोणत्या तोंडानं मी तो मागू?