झिलेची जागा

कॅसेटच्या तोंडाशी, टेप जिथून सरकते तिथे, नखाएवढी कापडाची एक चकती असते. ती सुटून जितेशच्या दुकानातल्या काचेवर पडली होती आणि भारती मघापासून तिच्याकडेच बघत होती. एकतीस वर्षं आईचा आवाज या एवढ्याशा चकतीला घासून गेला होता... म्हणजे आता आपल्या आत काहीतरी हलायला हवं. भारतीने वाट पाहिली. काही हललं नाही. तिने रुमाल काढून उगाच कपाळ पुसलं, आणि दुपारी अंबरनाथला शाळेच्या ऑफिसात दाखल्यांवर शिक्के मारायचेत हे तिला आठवलं.

गेल्या श्रावणात गयाबाई धवलारीण गेली तेव्हापासून हे असंच. कुळगावपासून वांगणीपर्यंत जिच्या धवल्यांशिवाय, लग्नाच्या गाण्यांशिवाय, हळद लागत नसे, त्या बाईच्या दहाव्याला गावच्या बाया धाय मोकलून रडल्या, आणि पोटची लेक भारती चहाचे कप गोळा करत फिरली. "हिचं कालीज दगराचं हाय गो," गंगूकाकी म्हणाली होती, ऐकू जाईल इतक्या हळू. भारतीला राग आला नाही. उलट बरं वाटलं, कुणीतरी त्याला नाव तरी दिलं.

परवा प्रमोदच्या, तिच्या धाकट्या भावाच्या, मुलीची हळद. धवले म्हणायला आता कुणी उरलेलं नाही, तेव्हा आईची 'गयाबाईचे धवले' ही कॅसेटच स्पीकरवर लावायचं ठरलं. ती पेन ड्राइव्हवर उतरवून आणायचं काम भारतीकडे आलं, कारण अंबरनाथहून उल्हासनगर जवळ. बाकी कारण नव्हतं.

"दीदी," जितेश स्क्रीनवरून मान न उचलता म्हणाला, "आवाज साफ झालाय. पण बीच बीच में खाली जागा बहुत आहे. म्युझिक नाय, काय नाय. काढून टाकू? गाना टाइट होईल."

खाली जागा... त्या कुणाच्या हे तिला चांगलं ठाऊक होतं. धवला दोघींनी म्हणायचा असतो. धवलारीण ओळ टाकते, मांडीवर थाप देते, की दुसरीने तीच ओळ मागून उचलायची, झील धरायची. दहाव्या वर्षापासून भारती आईची झील धरत आली होती. आणि मग कॅसेटच्या रेकॉर्डिंगला, याच बाजारातल्या एका माळ्यावर, आवाज नको म्हणून पंखा बंद केलेल्या खोलीत, पंधरा वर्षांची भारती भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. कॅसेट दुकानादुकानांत वाजणार, वर्गातल्या मुली ऐकणार, धवलारणीची पोर म्हणून चिडवणार... नाही म्हणजे नाही. आई ओरडली नाही. "मी थांबतंय. तू ये मागून," एवढंच म्हणाली, आणि प्रत्येक ओळीनंतर थांबत राहिली, दोन्ही बाजू संपेपर्यंत. तो वैशाखभर मांडवामांडवांत ती कॅसेट वाजली आणि जो तो विचारू लागला, झील कुठे गेली? तेव्हाच भारतीने मनाशी गाठ मारली — आईने सूड घेतला. माझं मुकेपण तिने चारचौघांत वाजवलं. त्यानंतर तिने पुन्हा झील धरली नाही, आणि आईनेही कधी म्हटलं नाही, ये.

"काढा," भारती म्हणाली.

जितेशने एक गाणं कापून ऐकवलं. *अरं उंबराच्या झाडा, वाट दे मांडवाला* — लगेच पुढची ओळ, लगेच तिच्या पुढची. आई धडाधड म्हणत सुटली होती. मागे कुणी नाही, यायचंही नाही, हे जणू तिने मान्यच करून टाकलं होतं. इतकी एकटी आई भारतीने कधी ऐकली नव्हती.

"पहिल्यासारखं करा."

"अहो, पण दीदी..."

"करा ना."

स्क्रीनवर आवाजाचे उंचवटे परत आले, मधे मधे सरळ रेघ. जितेशने त्या रेघांवर बोट फिरवलं. "हे बघा, शुरू में छोटा छोटा गॅप है. लास्टच्या गाण्यात तर डबल सोडलाय. थक गयी थी क्या?"

भारती वाकून बघू लागली. थकलेला माणूस आटोपतं घेतो. आणि सूडच घ्यायचा, तर त्याचं काम पहिल्या दोन ओळींतच झालं होतं. एवढं ताटकळायचं कशाला? म्हणजे शेवटपर्यंत आशा होती तिला? की आणखी लाजवायचं होतं मला? ठरवता येईना. विचारावं, तर जिला विचारायचं ती गेली... गेली. दहा महिन्यांत हा शब्द भारतीने शंभर जणांना सांगितला होता, पण तो तिला लागला नव्हता.

"लोक बोलतील, कॅसेट बिघडलीय," जितेश म्हणाला.

"बोलू दे."

त्याने हेडफोन तिच्यापुढे सरकवले. शेवटचा धवला लागला. ओळ आली, संपली, आणि जागा आली. टेपची खरखर, तिच्यात, अगदी जवळ, बांगड्या हलक्या वाजल्या. मांडीवरची थाप.

भारतीने तोंड उघडलं नाही. रडूही आलं नाही. फक्त छाती श्वासाने भरून आली, ओळ उचलण्याआधी भरते तशी, आणि तो श्वास आता कुठे सोडायचा हे तिला कळेना.