कौसल्येची बोहनी

इतवारीतल्या त्या गल्लीत सकाळी शटर उघडायच्या आधीच कौसल्येच्या भांड्यांच्या दुकानासमोर माणसं उभी असायची, आणि तरीही ते दुकान बुडत चाललं होतं.

आजूबाजूच्या दुकानदारांना वाटे, बाईनं काय नशीब काढलंय! इकडे आपण दुपारपर्यंत माश्या मारतो आणि हिच्याकडे पहाटेपासून रांग. खरी गोष्ट कौसल्येलाच ठाऊक होती. बाहेर उभी असलेली माणसं खरेदीसाठी भांडत नसत. आत पहिलं कोण शिरणार, यासाठी भांडत. जो पहिला शिरे तो कढई, परात, डबे, जे लागेल ते मातीमोल भावात उचलून नेई. मागचे आत डोकावून विचारत, "झाली काय वं वैनी बोहनी?" झाली म्हटलं की "मंग उद्या येतो" म्हणून चालू लागत. त्यानंतर दिवसभर कौसल्या आणि तिची भांडी एकमेकांकडे बघत बसत.

याच्या मुळाशी होता तिच्या सासऱ्यांचा नेम. मामाजींनी हे दुकान घातलं तेव्हापासून त्यांचं एकच सांगणं. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे लक्ष्मी. तिला रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही आणि तिच्याकडून नफा बघायचा नाही. बोहनीचे, म्हणजे त्या पहिल्या विक्रीचे पैसे डोळ्यांना लावायचे, तराजूला लावायचे, मग गल्ल्यात टाकायचे. कौसल्या लग्न होऊन आली तेव्हा दुकानात पाणी भरायच्या गोल पितळी गुंडांची उतरंड छतापर्यंत जायची आणि बाहेर कल्हईवाला भट्टी पेटवून बसलेला असायचा. मामाजी पहिल्या गिऱ्हाइकाला उठून नमस्कार करत. ती तेव्हा मागच्या दारानं चहा घेऊन यायची आणि डोक्यावरचा पदर सावरत ते बघायची. त्या नमस्काराचं तिला फार कौतुक वाटायचं.

मामाजी गेले, नवरा शालिकराम गादीवर बसला. त्याचे गुडघे गेले तेव्हा तो घरी बसला आणि कौसल्या गादीवर आली. नेम तोच राहिला. पण बाई नवी आहे, परत पाठवत नाही, हे बाजारानं हेरलं. एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. कौसल्येला राग यायचा, पण नेम मोडायची छाती होत नव्हती. देवाचं काम आहे, आपण कोण, असं म्हणून ती वजन करायची आणि तोटा सोसायची.

घरात ठरलं होतं की ही लग्नसराई पाहायची. मुलगा पियूष बर्डीच्या बाजारात दुसऱ्याच्या दुकानात मोबाईल दुरुस्त करायचा. त्याला स्वतःचं दुकान हवं होतं आणि जागा ही आयती होती. पोरगा वाईट नव्हता. आईनं आता आराम करावा, असं त्याला मनापासून वाटे. सराईत दुकानानं तग धरला तर ठीक, नाहीतर सगळी भांडी एखाद्या ठोक व्यापाऱ्याला देऊन टाकायची. कौसल्येनं हो म्हटलं होतं. पण गावात तिला आतापर्यंत सगळे शालिकरामची बायको, पियूषची आई म्हणत आले होते. या गादीवर बसल्यापासून बायका तिला 'कौसल्याबाई' म्हणून हाक मारत. ते दुकान गेलं की ती हाकही जाणार होती.

अशात एका संध्याकाळी गोपाळराव आले. कुहीला त्यांची धानाची गिरणी, नंदनवन वस्तीत दुमजली घर, आणि मुलीचं, मेघाचं, लग्न तोंडावर. सोबत बायको सिंधूताई. दोघांनी बसून मुलीचं आंदण निवडलं. गुंड, घागरी, समया, पराती, स्टीलच्या डब्यांची अख्खी उतरंड. सिंधूताई एकेक भांडं हातात घेऊन उजेडाकडे धरत होत्या, मेघा लहान असताना भातुकलीतसुद्धा हिशेबानं वाढायची, असं काहीबाही सांगत होत्या. गोपाळरावांनी एकाही वस्तूचा भाव विचारला नाही. सगळं एका बाजूला काढून ठेवायला लावलं आणि पायरी उतरताना हसत म्हणाले,

"उद्या सकाळी शटर उघडाच्या टायमाले येतो, वैनी. बोहनी आमच्या हातची."

सराईतलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं ते. बोहनीच्या भावात द्यावं तर माल देणाऱ्या ठोकवाल्याला खिशातून भरावं लागणार आणि सराई तिथंच संपणार. नाही म्हणावं तर मामाजींचा नेम तिच्या हातून मोडणार, वर गिऱ्हाईकही जाणार.

घरी येऊन तिनं वरण शिजवायचा गंज, पातेलंच ते, चुलीवर चढवला. गॅसला ती अजून चूलच म्हणे. गंजाचं बूड चेपलेलं, तो नेहमीसारखा एका बाजूला कलला. तिनं त्याला हातानं सरळ केलं आणि मग स्वयंपाकघराकडे अशी पाहत राहिली, जणू परक्याच्या घरात आली आहे. परातीला पोचा पडला होता. डब्याचं झाकण दुसऱ्याच डब्याचं. झारा वाकडा. भांडेवाल्याचं घर, पण इतक्या वर्षांत या घरात एक धड भांडं आलं नव्हतं. गिऱ्हाइकानं नाकारलेलं, वाहतुकीत ठेचलेलं, जे विकलं जाणार नाही ते इकडे यायचं. कोणी तिला असं कर म्हणून सांगितलं नव्हतं. तिनंच ते ठरवून टाकलं होतं.

जेवताना तिनं शालिकरामला विचारलं की मामाजींच्या काळात बोहनीचं गिऱ्हाईक भाव कसा करायचं. शालिकराम आठवून हसला. म्हणाला, बोहनीला कोणी भाव करतच नसे. उलट माणसं भीत. आपला हात लागून दुकानदाराचा दिवस वाया गेला तर पाप लागेल, म्हणून सांगितलेला दाम द्यायची आणि "दिवस बरा जावो" म्हणून जायची. आता ते लोक राहिले नाहीत, असं म्हणून त्यानं ताक मागितलं. कौसल्येनं ताक वाढलं. तिची भूक उघडली होती. तिनं आणखी भात घेतला.

दुसऱ्या दिवशी गल्लीत झाडूवालेसुद्धा आले नव्हते, तेव्हा ती दुकानात पोचली. शटर अर्धं वर करून आत शिरली, झाडलं, लक्ष्मीच्या तसबिरीपुढे दिवा लावला. मग गादीवर न बसता फिरून गिऱ्हाइकाच्या बाजूला येऊन उभी राहिली. या बाजूनं तिनं आपलं दुकान कधी बघितलंच नव्हतं. बरं दिसत होतं.

पदराखाली भिशीचे पैसे होते. या महिन्यात भिशी तिला लागली होती. पैसे तिचे स्वतःचे, कोणाला हिशेब द्यायचा नव्हता. हात आधी एका झाऱ्याकडे गेला. स्वस्तातलं काहीतरी घ्यावं, नेम पुरा होईल. मग तिचं तिलाच हसू आलं. लक्ष्मी दारात आली आणि झारा घेऊन गेली, असं कुठं झालंय? तिनं हात मागं घेतला आणि वरच्या फळीवरचा पितळी गंज उतरवला. जाड बुडाचा, आतून ताज्या कल्हईचा. तो तिनं कितीदा पुसला होता, पण घरी न्यावा असं कधी मनात आलं नव्हतं.

ती आत जाऊन गादीवर बसली, गंज तराजूत ठेवला, पाटीवर लिहिलेल्या भावानं दाम काढला. बाहेर येऊन गिऱ्हाईक झाली. 'काही कमी करा' हे शब्द सवयीनं ओठांवर आलेच. तिनं ते गिळले आणि पुरे पैसे मोजून दिले. पुन्हा आत गेली, पैसे डोळ्यांना लावले, तराजूला लावले आणि तसबिरीसमोर हात जोडले. मनात म्हणाली, माय, मी तुला फसवत असेन तर आजच दुकान बंद कर, माझी तक्रार नाही. पण तू रोज येऊन माझ्याशी घासाघीस करतेस, हे काही मला पटत नाही.

पैसे गल्ल्यात पडले आणि तिनं शटर पूर्ण वर ढकललं.

गोपाळराव पायरीवरच होते. मागं सिंधूताई, आणि त्यांच्या मागं नेहमीचे चारपाच जण, आज पाळी हुकली म्हणून तोंडं पाडून. गोपाळरावांनी आत पाऊल टाकलं आणि हात चोळत म्हणाले, "करा सुरू, वैनी. पहिलं गिऱ्हाईक आलं."

"या, बसा भाऊ. पण बोहनी झाली."

"काहून मजाक करून राहिल्या? शटर तर आत्ता उघडलं तुमी. कोणं केली?"

"मी केली."

तिनं गंज दाखवला. मागच्या मंडळीत खसखस पिकली. गोपाळराव आधी हसले, मग त्यांना त्यातलं गांभीर्य कळलं तसा त्यांचा चेहरा उतरला. घरचं गिऱ्हाईक चालत नाही, याला बोहनी म्हणत नाहीत, बाजारात असं कोणी केलेलं ऐकलं नाही, असं ते बरंच बोलले. शेवटी त्यांनी मोबाईल काढला आणि थेट शालिकरामला लावला. स्पीकर सुरू करून फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा गादीवर ठेवला.

"शालिकरामजी, तुमच्या बापाचा नेम वैनीनं मोडला. स्वतःच बोहनी करून बसल्या."

कौसल्येनं घरी एक शब्द सांगितला नव्हता. नवरा नाही म्हणाला तर चार लोकांत नेमही जाणार आणि तिची पतही.

"खरं काय वं?" शालिकरामचा आवाज आला.

"हो. गंज घेतला. घरी वरण शिजवाले."

"पैसे कोणाचे?"

"माझे. भिशीचे."

"भाव कोणता लावला?"

"पाटीवरचा."

"काई कमी नाही केला?"

"गिऱ्हाइकानं मागतलंच नाही," कौसल्या म्हणाली.

पलीकडे टीव्हीवरच्या बातम्या ऐकू येत होत्या. मग त्या बंद झाल्या.

"गोपाळराव," शालिकराम म्हणाला, "आमच्या बापाच्या वक्ती असं गिऱ्हाईक येत होतं. लय दिवसांनी आलं. बोहनी झाली." आणि त्यानं फोन ठेवला.

गोपाळरावांनी फोन खिशात घातला. इतवारीत भांड्यांची दुकानं काय कमी आहेत, असं म्हणून ते पायरीपर्यंत गेले. कौसल्येनं त्यांना अडवलं नाही. कालच्या कौसल्येनं हातापाया पडून थांबवलं असतं. आजची तराजू पुसत राहिली.

सिंधूताई मात्र जागच्या हलल्या नाहीत. काल निवडलेल्या समईवर हात ठेवून बसून राहिल्या.

"तुमी या फिरून," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मी बसते इथंच. पोरीचं आंदण हाय. सासरी कोणं विचारलं तर काय सांगू, बोहनीत हाणलं म्हणून? गिरणीत तुमचं कोंडा-कुटार तरी कोणाले फुकट नेऊ देता काय?"

मागचे सगळे हसले. गोपाळराव थोडा वेळ पायरीवर उन्हात उभे राहिले, कोणाला तरी फोन लावल्यासारखं केलं आणि मुकाट्यानं आत येऊन बसले.

मग कौसल्येनं सगळ्या वस्तूंचं वजन केलं. आकडा काढला, तो एकदाच सांगितला, स्पष्ट आवाजात. आजवर दाम सांगताना तिचा स्वर शेवटी खाली जायचा, जणू ती माफी मागते आहे. आज तो गेला नाही. गोपाळरावांनी एकदा चाचपून पाहिलं. "वैनी, जरा गोल तं करा."

"गोलच हाय भाऊ. गुंडासारखा."

त्यांनी पैसे दिले. ते गल्ल्यात टाकून झाल्यावर कौसल्येनं वरच्या कपाटातून चांदीच्या मुलाम्याचा कुंकवाचा करंडा काढला, कागदात गुंडाळला आणि सिंधूताईंच्या हातात ठेवला. हा मेघाला माझ्याकडून, याचा भावाशी संबंध नाही, असं सांगितलं. देताना तिचं काही कमी झाल्यासारखं वाटलं नाही. रोज सकाळी जे जात होतं ते देणं नव्हतं, भीती होती, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. सिंधूताईंनी करंडा कपाळाला लावला.

बाकीच्यांतला एक जण अजून रेंगाळत होता. उद्याची बोहनी तरी आपल्याला मिळेल का, असं त्यानं हळूच विचारलं.

"उद्या बी मीच," कौसल्या म्हणाली. "घरच्या परातीले पोचा हाय. पण तुमी या नं. दुकान दिवसभर उघडं राह्यते."

तो मान खाजवत निघाला, आणि दोन पावलांवरून परत येऊन बायकोनं सांगितलेला कुकर घेऊन गेला. पाटीवरच्या भावात.

दुपारी पियूष एका सुताराला घेऊन आला. आधीच ठरलं होतं तसं काउंटरचं, शोकेसचं माप घ्यायचं होतं. दुकानात काय घडलं ते त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं मोकळ्या झालेल्या फळ्या बघितल्या आणि मग आईकडे बघितलं. कौसल्येनं दोघांसाठी चहा सांगितला. पियूषला पाणी दिलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, तुझ्या दुकानासाठी भिशीची पुढची रक्कम मी तुला देईन, बर्डीकडंच एखादी जागा पाह्य, चांगली पाह्य, स्वस्त आहे म्हणून कोपऱ्यातली घेऊ नको.

मग ती सुताराकडे वळली.

"दादा, आलाच आहा तं त्या भिंतीचं माप घ्या. वरपासून खालपर्यंत फळ्या पाहिजे मले. आणि मजुरी आधीच सांगा, पुरी सांगा."