कुशाबाईंच्या पोटातलं

“आई, हितं सही कर, बास,” सौरभ म्हणाला आणि त्यानं पेनाचं टोपण काढून पुढं धरलं.

माझ्या सासूबाईंनी, कुशाबाईंनी, पेन घेतलं नाही. त्यांनी डॉक्टरीणबाईंकडं बघितलं. “कशाची सही?”

आईला काही सांगायचं नाही, वडलांना तर नाहीच, आणि पुण्याचं औषध म्हणून सगळं उरकून टाकायचं, असा माझ्या नवऱ्याचा आणि चुलतसासऱ्यांचा, आप्पांचा, बेत होता. बायकांना न विचारता बेत करायचे ही आमच्या अंथुर्ण्याच्या घरातली जुनी खोड. पण बारामतीच्या या डॉक्टर राजेश्वरी ते चालवून घेणाऱ्या नव्हत्या. “यांना अजून सांगितलंच नाही तुम्ही?” त्यांनी विचारलं. सौरभ टोपणाशी चाळा करत बसला.

मग त्यांनीच सांगितलं. माझे सासरे, सावळाराम तात्या, बाजूच्या खोलीत पडून होते. दाढ सुजली तेव्हा त्यांनी मेडिकलमधून कॅप्सूल आणल्या. मग घसा धरला, पुन्हा कॅप्सूल. पाय ठसठसला, आणखी कॅप्सूल. “हायपावरच्या द्या” असं दुकानदाराला वर बजावून आणायचे. शेवटी जुलाब लागले ते काही केल्या थांबेनात, आणि उसाची मोळी एका हातानं फेकणारा माणूस कॉटवरून उठेना झाला.

“माणसाच्या आतड्यात शेकडो प्रकारचे जिवाणू राहतात, आजी,” डॉक्टर म्हणाल्या. “तऱ्हेतऱ्हेचे असतात, म्हणूनच एकमेकांना आवरून धरतात. आजोबांचे औषधांनी मेले. एक चिवट तेवढा उरला आणि माजला. सारखं तणनाशक मारलं की रानात नुसता लव्हाळा उरतो ना, तसं झालंय. आता निरोगी माणसाच्या शौचातले जिवाणू घ्यायचे, गाळून नळीनं त्यांच्या आतड्यात सोडायचे. म्हणजे पुन्हा सगळी वस्ती भरेल.”

हा निरोगी माणूस घरात शोधायला गेलो तेव्हाच आमची अब्रू गेली होती. सौरभला साखर. आप्पांना ॲसिडिटीच्या गोळीशिवाय चहा उतरत नाही. मी मागच्याच महिन्यात घशाचा कोर्स केलेला. राहिल्या आत्या, आमच्याकडं सुना सासूला आत्या म्हणतात. आत्यांनी जन्मात गोळी खाल्ली नव्हती. प्रकृती दणकट म्हणून नव्हे, त्यांना दवाखान्यात न्यायला कधी कुणाला सवडच झाली नाही. ताप आला की घरचे म्हणणार, “पड जरा, उतरंल.” आम्ही पाव आणि नूडल्स आणायचो, त्या आपल्या ज्वारीची शिळी भाकरी, ताक, बांधावरची पाथरीची भाजी, हुलग्याचं पातळ माडगं यांवरच राहिल्या. ‘सगळ्यांच्याच तपासण्या करतायत’ असं सांगून सौरभनं त्यांचं रक्त आणि शौचाचा नमुना देऊन टाकला होता.

“तुमच्या पोटात इतके नाना प्रकारचे जिवाणू आहेत, असा नमुना मी क्वचितच बघितलाय,” डॉक्टर म्हणाल्या.

आत्या खुर्चीत पुढं सरकल्या. “म्हंजे माजा झाडा ह्यांच्या पोटात घालायचा?”

“हो. तुमची तयारी असेल तरच. तुम्ही नाही म्हणालात तर कुणी जबरदस्ती करायची नाही.”

“आनि ह्यास्नी म्हाईत हाय का?”

सौरभ म्हणाला, “आई, त्यास्नी कशाला सांगायचं? चिडतील.”

“मग आदी सांगा. त्यांनी सोताच्या तोंडानं मला मागू द्या. मागितलं की देते.” एवढं बोलून आत्या उठून बाहेर बाकड्यावर जाऊन बसल्या. मला खोटं बोलता येणार नाही. त्या क्षणी मला त्यांचा राग आला. तिकडं माणूस वाळत चाललाय आणि हिचं काय, असं मनात आलं.

बाहेर बसलेले आप्पा तर पेटलेच. “वैनी, नवऱ्याचा जीव हाय ह्यो! बायकूकडं काय मागायचं असतंय व्हय? घरचंच हाय की!”

“घरचं न्हाय, माजं हाय. शेजाऱ्याच्या उकिरड्यावरनं शेणखताची ट्रॉली भरायची तर तुमी त्याला इचारता न्हवं? का तसंच खोरं घालता?”

मला हसू आलं आणि माझा राग तिथंच अर्धा उतरला.

सांगणं भागच होतं. पेशंटला कळल्याशिवाय मी हात लावणार नाही, असं डॉक्टरांनीही बजावलं. तात्यांनी ऐकून घेतलं आणि भिंतीकडं तोंड केलं. “त्यापरीस मेलेलं बरं. गावात कळलं तर लोक तोंडात शेण घालतील.” शेणाची भीती तेवढी वाटत होती, मरणाची नाही. आमच्या घरातल्या पुरुषांची ही हिंमत मला आजवर कळलेली नाही.

द्यायला दुसरी माणसं बघायची तर पुन्हा तपासण्या, पुन्हा वाट बघणं, आणि तात्यांच्या अंगात तेवढी धग उरलेली दिसत नव्हती. दुपारी सलाईनसाठी नर्सला शीर सापडेना. मी आत्यांना शोधायला गेले तर त्या दवाखान्याच्या मागच्या नळावर तात्यांचं धोतर धूत होत्या. सकाळपासूनचं तिसरं. डोळे लाल झालेले.

“आत्या, द्या ना,” मी म्हणाले. “त्यांनी न्हाईच मागितलं तर?”

“तर रडंन. मला काय काळीज न्हाय?” त्यांनी पिळा घट्ट आवळला. “पर सुप्रिया, मी आजवर सगळं न मागताच दिलं बग. भाकरी दिली, पोरं दिली, रानात हाडं दिली. दिलेलं कुनाला दिसलंच न्हाय. आता हे बी गुपचूप दिलं तर उद्या बरं हूनशान म्हनतील, पुन्याचं औषद लय गुनाचं. ह्या खेपंला न्हाय. ह्या खेपंला माजं नाव घ्यायचं.”

मी त्यांच्या हातातलं धोतर घेतलं आणि वाळत घातलं. पुन्हा काही त्यांना ‘द्या’ म्हणाले नाही.

संध्याकाळी तात्यांनी हात हलवला. सौरभ वाकला, आप्पा वाकले. तात्यांनी दोघांना बाजूला व्हायची खूण केली आणि दाराशी उभ्या असलेल्या आत्यांकडं बघितलं. ओठ कोरडे पडले होते.

“अगं ए... तुजं ते... देतीस का मला?”

आत्यांनी त्यांच्या ओठांवर ओला कापूस फिरवला. “देते,” म्हणाल्या. मग सौरभकडं हात केला, “आन ते पेन.”

आत्यांच्या पोटातली वस्ती तात्यांच्या पोटात रुजली. जुलाब थांबले, तोंडाला चव आली, आवाज चढला. त्यांनी भाजीत मीठ कमी म्हणून नर्सला झापलं तेव्हा माणूस वाचला याची आमची खात्री पटली.

घरी आणलं तसा बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. शेळगावचे पाहुणे आले, भावकी आली, कारखान्यातले दोघं आले. पुढच्या सोप्यात सतरंजीवर सगळी गडीमाणसं, मध्ये लोडाला टेकून तात्या. मी आतून चहा ओतत होते, आत्या ट्रे घेऊन उंबऱ्याशी पोचल्या होत्या.

“तात्या, आशा सोडली हुती आमी,” शेळगावचे रामभाऊ म्हणाले. “कंच्या औषदाचा गुन आला म्हनायचा?”

आप्पा घाईनं म्हणाले, “पुन्याचं हुतं. भारीतलं.” सौरभनं मान हलवली. सगळ्यांनी तात्यांकडं पाहिलं.

तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. “व्हय,” म्हणाले. “पुन्याचंच.”

माझ्या हातातून गाळणी पडली. त्या दिवशी मागितलं ते चार भिंतींत; इथं सोप्यात, चार गड्यांत, माणूस पुन्हा होता तिथं जाऊन बसला होता. आता आत्या मुकाट्यानं चहा देतील आणि आत येऊन चुलीशी बसतील, असं मला वाटलं.

आत्या उंबरा ओलांडून सोप्याच्या मधोमध गेल्या.

“पुन्याचं न्हाय, रामभाऊ. माजा झाडा गाळून ह्यांच्या पोटात घातलाय. म्हनून जित्तं हायती. ह्यांनी मागितला, मी दिला.”

रामभाऊंचा हात कपाकडं जाता जाता थांबला. कुणीतरी कोपऱ्यात फिस्सकन हसलं. आप्पा सतरंजीचे दोरे उपटायला लागले.

“हसा की,” आत्या त्या कोपऱ्याकडं बघून म्हणाल्या. “लाज कसली त्यात? माजं हुतं, चांगलं हुतं, आनि कामाला आलं.”

आता सगळे पुन्हा तात्यांकडं बघत होते. त्यांचा चेहरा तांबडालाल झाला होता. ते ओरडतील म्हणून मी दाराची चौकट धरून उभी राहिले. ते ओरडले नाहीत. लोडावरून जरा सरकले आणि खाली बघत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “हिचंच हाय.”

आत्यांनी सगळ्यांना चहा दिला. मग पदर सावरला, ट्रेमधला राहिलेला कप उचलला आणि लग्न होऊन आल्यापासून ज्या सोप्यात त्या कधी टेकल्या नव्हत्या, तिथं, तात्यांनी सरकून केलेल्या जागेवर, बसून चहा प्यायला लागल्या.